दवा बंद कर, गंग्या!

फवारनी म्हनलं की तुमच्या डोळ्यापुढं कापूस आला आसंल. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल, आन पुढं काही तरी रडकं. आला ना? तर तो कापूस बाजूला ठेवा. मी सात-आठ वर्षं फवारनी केली, पन एका बी बोंडाला हात लावला न्हाई. आमी फवारायचो भिंतींवर. घराच्या, शाळंच्या, देवळाच्या, मशिदीच्या. एकदा एका वकिलावर बी फवारलं, पन ते चुकून. त्यांनी खिडकी उघडायला नको व्हती.

हे काम नेमकं काय ते आधी सांगतो, कारन माझ्या बापाला बी ते शेवटपर्यंत समजलं न्हाई. कोनी इचारलं की तो सांगायचा, "पोरगं लोकायचे घरं धुतंय."

हिंगोलीत जब्बारमामूचं पंपदुरुस्तीचं दुकान व्हतं. मामू कुना एकाचा मामा न्हाई, समद्या गल्लीचा मामू. शेतकरी बिघडलेले पंप टाकून जायचे आन न्यायला यायचेच न्हाईत. त्या बेवारशी पंपाइतून मामूनं गाडा तयार केला. चार चाकाचा हातगाडा, त्याच्यावर दोन निळे ड्रम. एकात साधं पानी, दुसऱ्यात दवा. दवा म्हंजे ब्लिचिंग पावडर आन धुन्याचा सोडा, किती पान्यात किती ते मामूच्या डोक्यात. मधी पायानं दाबायचा पंप. पंपाच्या तोंडाशी पितळंची तीन तोंडाची तोटी. दांडी डावीकडं केली की पानी, उजवीकडं केली की दवा, उभी केली की बंद. तिथून पुढं शंभर फूट पाईप, पाईपच्या टोकाला बारा फुटी बांबू, बांबूच्या टोकाला फवारा. इंजन न्हाई, वायर न्हाई. आमच्याकडं लाईट पाव्हन्यावानी यायची, तिच्या भरवशावर धंदा व्हत न्हाई. गाडा टेम्पोत टाकला की औंढा, सेनगाव, कुटं बी चला.

काम सोपं हाय. पावसाळ्यात भिंत काळी पडती, तिच्यावर शेवाळ धरतं. तिच्यावरच चुना मारला तर दिवाळीला पांढरी दिसती आन संक्रांतीला पोपडे पडत्यात. म्हनून आधी धुवायची. पयले पान्यानं भिजवायची, न्हाई तर कोरडी भिंत समदी दवा पिऊन टाकती. मंग दवा मारायची, ती खालून वर. वरून खाली मारली की ओघळ पडत्यात, ते वळ जन्मात निघत न्हाईत. मंग थांबायचं. काळं पिवळं पडलं की पान्यानं धुवायचं, आता मातर वरून खाली. हे शिकायला मला आठ दिवस लागले. त्यातलं थांबायचं शिकायला सहा म्हैने.

गिऱ्हाईक एकाहून एक. एका शाळंच्या हेडमास्तरानं फक्त समोरची भिंत धुवून घेतली, कारन साहेब समोरूनच येनार व्हते. शाळा आशी दिसाय लागली की न्हाव्याकडून अर्धी दाढी करून उठली. मी त्यांला म्हनलं, "सर, साहेब लघवीला मागं गेले तर?" तर म्हनत्यात, "त्यांना आपन जाऊ देनार न्हाई."

एक लॉजवाला व्हता. आमची दवा बघून आतून संडासाच्या ॲसिडचा कॅन घेऊन आला. म्हनला, "हे बी वता त्याच्यात, डबल ताकद यील." मामू एरवी गिऱ्हाइकाशी लई गोड बोलायचा. त्या दिवशी त्यानं त्याच्या हातातला कॅन हिसकला आन रस्त्याच्या पलीकडं नेऊन ठेवला. "भाई, ये दोनों का निकाह नहीं होता," म्हनला. "हुआ तो पूरी बारात मरती." ब्लिचिंगमधी ॲसिड पडलं की जो वायू निघतो त्यानं मानसाचं फुप्फुस जळतं. आमच्या धंद्यातला हा पयला नियम. दुसरा नियम मी मोडला, तोच आता सांगतो.

आमी तिघं व्हतो. मी शिडीवर, बांबू धरून. मामू समोर अंगनात, कारन भिंतीचा रंग कवा बदलला ते फक्त त्याच्या डोळ्याला कळायचं, आन गुडघा धरल्यामुळं त्याला शिडी चढता यायची न्हाई. तिसरा गंगाधर. साखरा गावचा. बैलावानी ताकद आन बैलाइतकंच बोलनं. तो गाड्यापाशी, पंपावर. दवंचा वास घरात जाऊ नये म्हनून गाडा कायम मागच्या बोळीत नायतर कोपऱ्याआड लावायचो, तवा गंगाधरला ना भिंत दिसायची, ना मी, ना मामू. त्याला फक्त आवाज यायचा. मामू दोन डाव खाकरायचा आन वरडायचा, "गंग्या, पानी!" दांडी डावीकडं. "गंग्या, दवा!" उजवीकडं. "बंद!" उभी. म्हंजे समदा धंदा मामूच्या नरड्यावर चालायचा.

आन मला देवानं नेमकं नरडंच दिलेलं.

शाळंत मी मास्तरांचे आवाज काढायचो. बाहेरून मुख्याध्यापकाच्या आवाजात "शांतता!" म्हनलं की तीन वर्ग गप व्हायचे. मामूचा आवाज तर चार दिवसात बसला. खाकरायचं बी तसंच, पयलं लांब, दुसरं आखूड. शिडीवरून मी खाकरायचो आन वरडायचो, "गंग्या, बंद कर, चाय आ गई!" गंगाधर दांडी उभी करून, हात पुसून, बोळीतून बाहेर यायचा. बघतो तर चहा न्हाई, बशी न्हाई, मामू डोक्याला हात लावून बसलेला. एकदा औंढ्याला मामूच्या आवाजात सांगितलं, "गंग्या, पंप को सलाम कर." ते मानूस खरंच दोन मिनिटं पंपापुढं हात कपाळाला लावून उभं राहिलं. शेजारच्या बायांनी पाहिलं. त्यांला वाटलं ह्यो पंपाची पूजा करून राहिला.

मामू म्हनायचा, "देख, चाय के वक्त मेरी नकल कर, मेरी अम्मा की भी कर. मशीन चालू रही तो नको. मेरेकू काम के वक्त एकीच आवाज होना." हाच दुसरा नियम. मी "हौ मामू" म्हनायचो, ते बी त्याच्याच आवाजात.

गंगाधर भांडला न्हाई. त्यानं फक्त मनात धरलं की आता फसायचं न्हाई. त्यानं मनात काय धरलंय हे आमाला शिरड शहापूरला कळलं.

शिरड शहापूरला कौसाबाई म्हनून एक मावशी व्हत्या. त्यांच्या धाकट्या पोराचं लगीन दोन दिवसावर. घर मोठं, दर्शनी भिंत काळीठिक्कर. पन त्या भिंतीच्या मधोमध दोन हात लांब-रुंद चौकट तेवढी येगळी व्हती. आमच्याकडं लगीन निघालं की भिंतीवर रंगानं हत्ती काढत्यात, नवरा-नवरीची नावं लिवत्यात. थोरल्या पोरीच्या लग्नातलं ते चित्र व्हतं. दोन बाजूला दोन हत्ती, वर पोरीचं नाव सुलोचना, खाली जावयाचं, चि. दत्तराव. निळ्या पुडीच्या रंगात डिंक कालवून लिवलेलं, इटून गेलेलं. मावशींनी दर दिवाळीला चौकट सोडून चुना मारला व्हता. चुन्याचे थर चढून चढून चौकट आत खोल गेली व्हती, कोनाड्यावानी.

"समदी भिंत धुवा," मावशी म्हनल्या, "पन ह्याच्यावर एक थेंब नको."

मी सवयीनं म्हनलं, "मावशी, हत्तीला आंघोळ नको का?"

त्या हसल्या न्हाईत. मामूला म्हनल्या, "भाऊ, नातीच्या बारशाला मानाचा टॉवेल-टोपी आमच्या मालकांनी आधी दुसऱ्याला दिला. जावई भर मांडवातून उठले. जाताना ह्याच भिंतीपाशी थांबून म्हनले, 'माझं नाव पुसून टाका इथून.' त्याला पाच वर्षं झाली. पोरीला बी पाठवलं न्हाई. तिची माझी गाठ औंढ्याच्या बाजारात, ती बी चोरून. आता चार मानसं मधी घातली तवा कुटं लग्नाला यायचं कबूल केलंय. आले की पयले भिंतच बघतेन."

मामूनं टोपी सारखी केली. "बहन, फिकर नको," म्हनला. त्यानं स्वतः खताच्या पोत्याचं प्लास्टिक आनलं, चौकटीवर ताठ बसवलं आन चारी कडा ओल्या मातीनं लिंपल्या. मंग माझ्याकडं बोट केलं. "आज मजाक नको."

आन त्या दिवशी मी मजाक केली न्हाई. खरं सांगतो, तोंडातून चकार शब्द काढला न्हाई.

गाडा मागच्या बोळीत, मेंढराच्या वाड्याला लागून. सकाळपासून बराबर चाललं. भिंत भिजवली, दवा सुरू केली, खालून वर. मी चौकटीच्या उजव्या अंगाला शिडीवर. पाईप आन फवारा जिथं जोडलाय तिथं सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळलेली आसती, आन दवा रबराला हळूहळू खाती. ती पट्टी तटकन तुटली. पाईप बांबूतून निसटला आन सापावानी वळवळाय लागला. माझ्या हातात नुसता बांबू. पाईपचं टोक भिंतीवर आपटलं, प्लास्टिकच्या खालच्या कडंची माती उडाली, आन दवा सरळ आत.

मामू खाकरला. पयलं लांब, दुसरं आखूड. "गंग्या, दवा बंद कर!"

दवा चालूच.

"गंग्या! बंद! बंद कर!"

पाईप आनखी जोरात उसळला. बोळीत गंगाधरनं काय केलं ते त्यानंच मंग सांगितलं. त्याला वाटलं, आलं बेनं, सुरू झालं. आज फसायचं न्हाई. आन त्यानं पाय आनखी जोरानं मारला.

मी माझ्या आवाजात वरडलो, "गंगाधर, आईची शपथ, बंद कर!" माझ्या खोट्या शपथा तर त्याला पाठच व्हत्या.

मंग मावशी वरडल्या. "आरं बंद करा रं! माझ्या जावयाचं नाव चाललं रं!"

आता हे ऐकून तरी दगड हलला आसता. पन बोळीत गंगाधर हसून राहिला व्हता. त्याला वाटलं, आज पोरानं बाईचा आवाज काढला, आन काय हुबेहूब काढला. तो तिकडून वरडला, "झ्याक! आता मेंढराचा काढ!"

मामू दुखऱ्या गुडघ्यानं पळत गेला, मेंढरातून वाट काढत, आन त्यानं सोताच्या हातानं दांडी उभी केली.

प्लास्टिक काढलं. सुलोचना वर जशीच्या तशी. खाली "चि." राहिलं व्हतं, पुढं पांढरी भिंत. हत्ती दोन्ही व्हते, पन त्यांला पाय नव्हते.

मावशी भिंतीपुढं खाली बसल्या. मी शिडीवरून उतरलो आन कुटं उभं ऱ्हावं ते कळंना, म्हनून पाईप गुंडाळत बसलो. गंगाधर बोळीतून आला, भिंत पाहिली, माझ्याकडं पाहिलं, आन त्याच्या तोंडाचा रंग उडाला.

"मैं लिखता," मामू म्हनला. दुरुस्त केलेल्या पंपावर गिऱ्हाइकाचं नाव तोच लिवायचा, हात चांगला व्हता.

"लिवताल वो भाऊ," मावशी म्हनल्या. "पन नवं दिसंल ना. वर जुनं, खाली नवं. ते म्हनतेन, 'पुसलंच व्हतं. मी येनार म्हनून परत लिवलं.' दारातूनच माघारी जातेन. माझी पोरगी बी जाईल त्यांच्या मागं."

मामू चौकटीजवळ गेला, बोटानं भिंत चाचपली. रंग गेला तरी अक्षराचा ठसा राहतो, तिरप्या उन्हात दिसतो. त्यानं दुकानातून निळी पुडी मागवली, डिंक कालवला, आन ठशावरून नाव लिवलं. हत्तीला पाय दिले. वाळलं तवा नाव आसं कोरंकरकरीत दिसाय लागलं की जनू कालच वरात गेली.

मंग मामू गाड्यापाशी गेला. दवंचा ड्रम पुरा रिकामा केला, तीन डाव धुतला. नवी दवा कालवली, पन इतकी पातळ की हात बुडवून वास घेतला तर संशय यावा. आजवर आमी जुनं नवं करायला फवारलं, आज नवं जुनं करायचं व्हतं. एक फवारा उडवायचा, मामूनं पाच आकडे मोजायचे, रंग वरच्या नावाइतका उतरला की त्याच घटकंला पानी. एक आकडा उशीर झाला तर पुन्हा नुसतं "चि."

ते समदं गंगाधरच्या दांडीवर. आन गंगाधर मामूच्या तोंडासमोरून हलंना. "मला बोळीत कळनार न्हाई," म्हनला. "आवाज तुमचा का ह्याचा ते मला आता कळत न्हाई." ते तो रागानं म्हनला आसता तर बरं झालं आसतं.

गाडा पुढं आनावा तर दारात मांडवाचं सामान पडलेलं. मामूनं इकडं-तिकडं पाहिलं. मंग खांद्यावरचा रुमाल काढला, त्याची गुंडाळी केली आन माझ्यापुढं धरली.

"मुंह खोल."

मी तोंड उघडलं. पुरा रुमाल आत गेला. त्याला तमाखूचा आन डिझेलचा वास व्हता. मामूनं मला तसंच बोळीत नेलं, गंगाधरपुढं उभं केलं. "देख ले. अब जो आवाज आयेगा वो मेरा."

गंगाधरनं वाकून माझं तोंड नीट तपासलं, जनू बैलाचे दात मोजून राहिला, आन मान हलवली.

मी शिडीवर चढलो, तोंडात रुमाल, डोळ्यातून पानी. मामू खाकरला. "दवा!" आली. एक फवारा, हलका. एक, दोन, तीन, चार... "पानी!"

त्याच घटकंला पानी आलं. दत्तराव एक पायरी उतरले. आसं चार डाव केलं. चौथ्या डावाला मावशी मागं जाऊन उभ्या राहिल्या, डोळे बारीक केले, आन म्हनल्या, "आता बराबर."

दुसऱ्या दिवशी आमी बाजूची भिंत धूत व्हतो तवा जावई आले. ठरल्यापेक्षा एक दिस आधी, हळदीलाच. संगं सुलोचनाताई आन पाच वर्षाची पोरगी. मावशी दारात पान्याचा तांब्या घेऊन. दत्तराव दाराकडं गेलेच न्हाईत, सरळ भिंतीपुढं येऊन उभे राहिले.

"पुसलं न्हाई व्हय आजून?"

"कोन पुसंल?" मावशी म्हनल्या, पन खाली बघून म्हनल्या.

तितक्यात त्या लेकरानं बापाच्या नावावरून बोट फिरवलं. आन बोट वर करून दाखवलं. "बाबा, निळं!"

मामूच्या हातातली विडी तशीच. दत्तरावानं त्या बोटाकडं पाहिलं. भिंतीकडं पाहिलं. मंग वर शिडीवर माझ्याकडं पाहिलं. मंग खिशातून रुमाल काढला, पोरीचं बोट नीट पुसलं, रुमालाची घडी घालून परत खिशात ठेवली.

"हळदीच्या घरात रंग लागायचाच," म्हनले, आन तांब्याकडं हात केला. मावशींच्या हातून तांब्या सुटता सुटंना.

आमी दुपारी निघालो. गाडा टेम्पोत चढवला, वर ताडपत्री. मामू पुढं ड्रायव्हरपाशी, मी आन गंगाधर मागं ताडपत्रीखाली ड्रमाला टेकून. तोंडातला रुमाल काढल्यापासून मामू मला एक शब्द बोलला नव्हता. मला वाटलं, चला, सुटलो. तिठा मागं पडला आन पुढच्या जाळीच्या खिडकीतून आवाज आला. आधी खाकरनं. पयलं लांब, दुसरं आखूड.

"क्यों रे ओ नकलची! तेरेकू मेरा नरडा फुकट में मिला क्या? तीस साल से इस गले पे लोगां घर खुले छोडते. तूने चार म्हैने में उसका तमाशा कर दिया. एक बाई की बेटी जा री थी रे, बेटी! तेरेकू हत्ती को आंघोळ सूझती..."

मी मान खाली घालून ऐकत व्हतो. शेजारी गंगाधर डोळे मिटून पडला व्हता. त्यानं झोपंतच हसून मला कोपर मारलं.

"बास कर रं," मोठ्यानं म्हनला. "लई हुबेहूब काढतोस."

पुढचा आवाज बंद झाला. टेम्पो हळू झाला, रस्त्याच्या कडंला थांबला. पुढचं दार वाजलं. मामू लंगडत लंगडत मागं आला, ताडपत्री वर केली, आन गंगाधरला त्याचं तोंड सरळ दिसंल आसा उजेडात उभा राहिला.

"गंग्या, उठ. इधर देख. मेरे मुंह को देख."

गंगाधर ताडकन उठून बसला आन मामूच्या ओठाकडं बघाय लागला. मी आपसूक तोंडावर बोट ठेवलं.

मामू दोन डाव खाकरला.

"क्यों रे ओ नकलची!" त्यानं पयल्या शब्दापासून परत सुरू केलं.